सुईची जागा
(सदर : देहाची ओळख)

गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. त्यांच्या बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला ताप आला, उलट्या झाल्या, मान वाकेना. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या आवरणाला सूज असावी, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासावं लागेल, इथे सही करा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी साफ नकार दिला. ‘पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं,’ असं कुणीतरी सांगितलं होतं. सही झाली नाही. डॉक्टरांनी अंदाजाने औषधं चालू केली. मूल वाचलं, पण दोन्ही कानांनी ऐकू येणं बंद झालं.

पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, आमचं चुकलं का? आणि ही भीती खरी की खोटी, एवढं तरी सांगा.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी देतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला थोडी जागा लागेल, कारण ते आपल्या कण्याच्या रचनेत दडलेलं आहे. नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून भीती जात नाही. सुई नेमकी कुठे जाते आणि तिथे काय असतं हे कळलं, तर जाते.

वडगावचे विणकर

साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वडगाव-शहापूर भागातल्या एका विणकराच्या नऊ वर्षांच्या मुलीला दहा-बारा दिवस बारीक ताप होता, डोकं दुखायचं, मग ती ग्लानीत जाऊ लागली. मला क्षयाच्या मेंदूज्वराची शंका होती. तपासणीचं नाव काढताच तिची आज्जी पदर डोळ्याला लावून रडू लागली. वडील मात्र शांतपणे म्हणाले, ‘साहेब, नाही म्हणत नाही. पण सुई कुठं जाते ते मला नीट समजवा. माझी पोर आहे.’

मी कागद घेतला आणि वीस मिनिटं त्यांना समजावलं. तीच वीस मिनिटं आज इथे मांडतो आहे.

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्याखाली एकमेकांना जोडलेल्या ५ मणक्यांचं त्रिकास्थी आणि सर्वांत खाली माकडहाड. प्रत्येक मणक्याला मधोमध भोक असतं. ही भोकं एकावर एक आल्याने एक लांब बोगदा तयार होतो. त्या बोगद्यात मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू असतो. जाडीने करंगळीएवढा, पण हातापायांना हुकूम पोचवणारा आणि त्यांची खबर वर नेणारा. त्याला इजा झाली तर माणूस लुळा पडू शकतो, हे अगदी खरं आहे. लोकांची भीती हवेतून आलेली नाही.

पण इथेच एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हा मज्जारज्जू बोगद्याच्या टोकापर्यंत जातच नाही!

आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तो कण्याच्या पूर्ण लांबीइतका असतो. पुढे कणा भराभर वाढतो, मज्जारज्जू मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. लहानपणी शिवलेला सदरा अंगावर आखूड होत जावा, तसा तो मागे पडत जातो. जन्माच्या वेळी त्याचं टोक कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या आसपास असतं. मोठ्या माणसात ते पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या मधे येऊन थांबतं. मोठ्या पुरुषाचा मज्जारज्जू जेमतेम ४५ सेंटीमीटर भरतो. बोगदा त्याहून बराच लांब असतो.

मग खाली उरलेल्या जागेत काय असतं? मज्जारज्जूच्या टोकापासून निघून पायांकडे आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचा झुबका. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला ‘घोड्याचं शेपूट’ असं नाव दिलं आणि ते आजही चालू आहे. हे शेपूट एका पिशवीत, पाण्यासारख्या नितळ द्रवात तरंगत असतं. पिशवी खाली त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत जाते. म्हणजे कमरेच्या खालच्या भागात अशी एक जागा निसर्गानेच ठेवली आहे, जिथे पाणी आहे पण मज्जारज्जू नाही. सुई तिथे जाते.

विणकर म्हणाले, ‘पण नसा आहेतच की. त्यांना टोचली तर?’

मी म्हटलं, ‘तुम्ही सूत पाण्यात भिजत घालता. त्या बादलीत सुई घातली तर धाग्याला भोक पडेल का?’

ते हसले. ‘सुटा धागा पाण्यात बाजूला होतो, साहेब. मागावर ताणलेला असला तरच टोचतो.’

हेच उत्तर. त्या नसा सुट्या, पाण्यात तरंगणाऱ्या असतात, त्यामुळे सुई आली की बहुधा बाजूला सरकतात. कधीतरी सुई एखाद्या नसेला चाटून जाते, तेव्हा पायात वीज चमकल्यासारखी कळ येते. रुग्णाने न हलता ‘उजव्या पायात’ किंवा ‘डाव्या पायात’ असं सांगायचं. डॉक्टर ओळखतात की सुई त्या बाजूला झुकली आहे. ते थांबतात, सुई मागे घेऊन दिशा सुधारतात.

जागा कशी शोधतात?

आता वाचकांनी स्वतःच करून पाहावं. उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवा. तळव्याखाली हाडाची कडक कड लागते, ती कटीच्या हाडाची वरची धार. दोन्ही बाजूंच्या धारांचे सर्वांत उंच बिंदू जोडणारी आडवी रेघ पाठीवर मनातल्या मनात ओढा. ही रेघ साधारणपणे कमरेच्या चौथ्या मणक्यावरून किंवा त्याच्या लगेच खालून जाते. फ्रेंच शल्यविशारद त्युफिए यांच्या नावाने ती ओळखली जाते. रेघेच्या वरची फट तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधली, खालची चौथ्या-पाचव्यामधली. मोठ्यांमध्ये या दोन्हींपैकी एक निवडतात. तान्ह्या बाळात मज्जारज्जू आणखी खाली असतो, म्हणून तिथे शक्यतो खालचीच.

इतका काटेकोरपणा कशासाठी, असं वाटेल. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात भूलतज्ज्ञांना १०० रुग्णांच्या पाठीवर हाताने चाचपून फट ओळखायला सांगितलं आणि एमआरआयशी ताडून पाहिलं. अंदाज बरोबर निघाला फक्त २९ टक्के वेळा! चुकलेल्यांत बहुतेकांनी ठरवल्यापेक्षा वरची फट धरली होती. जाड माणसात तर हाडं हाताला लागतही नाहीत. म्हणून अनुभवी डॉक्टर पहिल्यापासूनच पुरेसं खाली उतरतात. अंदाज एक घर चुकला तरी सुई मज्जारज्जूच्या खालीच राहावी, एवढी ऐस हाताशी ठेवतात. वरची फट निवडल्याने मज्जारज्जूच्या टोकाला इजा झाल्याचे मोजके प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्यापासूनच हा नियम पक्का झाला. आज अनेक ठिकाणी सोनोग्राफी लावूनही फट शोधता येते.

कमरच का, पाठ का नाही, याला आणखी एक कारण आहे. पाठीच्या मणक्यांची मागची टोकं मंगळुरी कौलांसारखी एकमेकांवर उतरती बसलेली असतात, मधे फट सापडणं कठीण. कमरेच्या मणक्यांची टोकं मात्र जवळजवळ सरळ मागे येतात. माणसाने कुशीवर झोपून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घेतली, थंडीत गोधडीत मुटकुळं करतो तशी, की या फटी उघडतात. लहान मुलाला नर्सताई असं घट्ट धरून ठेवतात, तेव्हा आईला ते निर्दय वाटतं. पण मूल हललं नाही तरच सुई सरळ जाते, म्हणजे ते धरणं त्याच्या भल्याचंच असतं. मात्र तान्ह्याची मान फार दाबत नाहीत, श्वासाला अडथळा होऊ नये म्हणून.

खांदे आणि कमर पलंगाला काटकोनात हवीत. शरीर पुढे कललं तर कणा पिळतो आणि मधली रेघ चुकते. सुई मधल्या रेघेवरच का? कारण बाजूला शिरांचं जाळं आहे. तिकडे गेलं की पाण्यात रक्त मिसळतं आणि तपासणीचा अर्थ लावणं अवघड होतं.

सुईची वाट

जागा बधिर केल्यावर सुई बेंबीच्या दिशेने, किंचित डोक्याकडे रोख ठेवून आत सरकते. वाटेत काय लागतं? आधी कातडी, मग चरबी, मग मणक्यांच्या टोकांना बांधणारे दोन अस्थिबंध, आणि त्यानंतर पिवळा अस्थिबंध. हा चिवट असतो. तो ओलांडताना अनेकदा हाताला बारीकसा ‘टप्’ असा धक्का जाणवतो. पुढे पातळ चरबीची आणि शिरांची पोकळी, मग पिशवीचं जाड बाह्य आवरण आणि त्याला आतून चिकटलेलं कोळ्याच्या जाळ्यासारखं नाजूक आवरण. ते ओलांडलं की डॉक्टर सुईतली तार काढतात आणि नितळ थेंब बाहेर येतो. मोठ्या माणसात हा सगळा प्रवास बहुधा ५ सेंटीमीटरच्या आसपास, मुलांत बराच कमी.

ती तार विनाकारण नसते. सुई पोकळ असते. तार नसेल तर कातडीचा बारीक कण सुईत अडकून आत जाऊ शकतो आणि वर्षांनंतर तिथे गाठ वाढू शकते. म्हणून जाताना तार आत हवी. सुई बाहेर काढण्याआधीही ती परत घालतात.

बाह्य आवरणाबद्दल सांगताना मी म्हटलं, ‘हे कापडासारखं आहे. जुन्या सुईचं टोक तिरकं, धारदार असतं. ती कशी धरली याला महत्त्व आहे. धार आडवी आली तर उभे धागे जास्त कापले जातात.’ विणकर लगेच म्हणाले, ‘म्हणजे ताण्याच्या धाग्यांना समांतर धरायची.’ माझ्या विद्यार्थ्यांनाही इतकं पटकन कळलं नव्हतं! आता तर पेन्सिलीच्या टोकासारख्या सुया मिळतात. त्या धागे कापण्यापेक्षा बाजूला सारतात. त्यामुळे नंतरची डोकेदुखी स्पष्टपणे कमी झाल्याचं दिसलं आहे.

माझा स्वतःचा पहिला प्रयत्न मात्र पार फसला होता. शिकत असताना रात्रपाळीला मी एका आजोबांच्या पाठीत तीनदा सुई घातली आणि तिन्ही वेळा हाडावर आपटलो. घाम फुटला. वरिष्ठ आले, त्यांनी सुईला हातही लावला नाही. आजोबांना फक्त नीट कुशीवर वळवलं, गुडघे आणखी वर घ्यायला लावले आणि म्हणाले, ‘आता घाल.’ पाणी आलं. ‘नव्वद टक्के काम सुई हातात घेण्याआधी होतं,’ हे त्यांचं वाक्य मी विसरलो नाही.

पाणी संपतं का?

‘पाणी काढलं की मेंदू सुकतो’ हीसुद्धा एक समजूत आहे. मोठ्या माणसात हा द्रव एकूण १५० मिलिलिटरच्या आसपास असतो, आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार करतं. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. तपासणीला मोठ्यांत साधारण १० मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे घेतात, मुलांत त्याहून कमी. ते तासाभरात भरून निघतं.

आणि त्या दोन चमच्यांत केवढं ज्ञान असतं! निरोगी पाणी नितळ असतं, त्यात पांढऱ्या पेशी पाचाच्या आत, साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश. गढूळ पाणी, भरपूर पेशी आणि घटलेली साखर दिसली की जिवाणूंचा मेंदूज्वर. क्षयात पेशींचा प्रकार वेगळा, प्रथिनं वाढलेली, साखर कमी. विषाणूंच्या आजारात साखर बहुधा ठीक. तिन्हींचे उपचार वेगळे. एकाला दोन आठवड्यांच्या आसपास इंजेक्शनं पुरतात, दुसऱ्याला ९ ते १२ महिने क्षयाच्या गोळ्या लागतात, तिसऱ्यात कित्येकदा फक्त आधार द्यावा लागतो. पाणी न पाहता यातला फरक ओळखणं म्हणजे अंधारात सूत ओवणं.

ही युक्ती आजची नाही. जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिश क्विंके यांनी १८९१ साली सुईने कमरेतून हे पाणी काढण्याची पद्धत मांडली. त्याच कीलमध्ये ऑगस्ट बीअर यांनी १८९८ साली त्याच वाटेने भुलीचं औषध दिलं आणि नंतर स्वतःवरही प्रयोग करून घेतला. त्यात बरंच पाणी गळून गेलं आणि पुढे कित्येक दिवस ते डोकेदुखीने आडवे होते. पाणी गळाल्याने डोकं दुखतं हे त्यांनी स्वतः भोगून लिहून ठेवलं.

आमच्या माता-भगिनींना सांगायचं म्हणजे, सिझेरियनच्या वेळी कमरेत जे इंजेक्शन देतात ते याच जागी, याच वाटेने. ‘त्या इंजेक्शनपासून माझी कंबर धरली’ हे मी रोज ऐकतो. टोचल्याची जागा काही दिवस दुखते, हे खरं. पण वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कंबरदुखीशी त्याचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, पोटाचे ढिले पडलेले स्नायू, वाकून बाळाला पाजणं आणि उचलणं ही कारणं शोधावीत. दोष सुईला देऊन व्यायाम टाळला तर नुकसान आपलंच.

मग धोका कधी?

धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. कवटी ही बंद पेटी, तिला तळाशी एक मोठं भोक. मेंदूत गाठ किंवा पुवाचा फोड असून वर दाब वाढलेला असेल आणि आपण खालून पाणी सोडलं, तर मेंदू त्या भोकाकडे ढकलला जाऊ शकतो. हे जीवघेणं आहे. म्हणून डॉक्टर आधी डोळ्यांचे पडदे पाहतात. झटके, शुद्ध हरपणं, एका बाजूची ताकद जाणं अशी लक्षणं असली तर आधी सीटी स्कॅन करतात. स्कॅनला वेळ लागणार असेल तर रक्ताचा नमुना घेऊन प्रतिजैविकं लगेच चालू करतात. तपासणीसाठी औषध थांबवून ठेवत नाहीत. रक्त गोठण्यात दोष असेल, प्लेटलेट फार कमी असतील किंवा सुईच्या जागीच कातडीवर गळू असेल तरीही थांबावं लागतं. घरच्यांनी न विसरता सांगावं की रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो का.

नंतर डोकं दुखलं तर त्याची खूण अशी, की बसलं-उठलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं. बहुतेकांचं आठवड्याभरात आपोआप थांबतं, फार त्रास झाला तर त्यावर उपाय आहेत. तासन् तास सपाट पडून राहिल्याने ते टळत नाही, हेही आता कळलं आहे. पण पायांत वाढता बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी अडणं, जागेवरून पाणी गळत राहणं, नव्याने ताप, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता प्रश्न उरतो, की ‘पाणी काढल्यावर लुळा पडला’ ही गोष्ट गावोगाव कशी? विणकरांच्या आज्जींनीही एका नातेवाइकाचं उदाहरण दिलं होतं. मी चौकशी केली. त्याला तीन आठवडे ताप होता, बेशुद्ध पडल्यावर आणला होता. क्षयाच्या मेंदूज्वरात मेंदूच्या रक्तवाहिन्या बुजतात आणि अर्धांग होतो, उशीर झाला की जास्तच. सुई आणि लुळेपणा एकाच दिवशी आले आणि लोकांनी दोन्हींची गाठ मारली. आजार दिसत नव्हता, सुई दिसली.

त्या रात्री वडिलांनी सही केली. पाण्याने क्षयाकडेच बोट दाखवलं, औषधं त्याच रात्री सुरू झाली. मुलीला बरं व्हायला वर्ष गेलं, शाळेचं एक वर्ष बुडालं. पण ती चालत शाळेत गेली.

आता खानापूरच्या ताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे. ताई, सही केली असती तर मुलाचे कान वाचले असते, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हा आजार वेळेवर उपचार होऊनही कधी कधी कान नेतो. तेव्हा ते ओझं तुमच्या बहिणीने आयुष्यभर वाहू नये. पण तुमच्या घराने डॉक्टरांच्या हातातला दिवा विझवला होता, हेही खरं. आणि डॉक्टरांची चूक नव्हती असंही नाही. सहीचा कागद पुढे करण्याआधी कुणीतरी बसून वीस मिनिटं बोलायला हवं होतं.

मुलाच्या कानांची तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, लांबवू नका. मेंदूज्वरानंतर आतल्या कानात हाड भरू लागतं. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचं तर जितकं लवकर तितकं बरं. तो चार वर्षांचा आहे, त्याची भाषा अजून उभी राहते आहे.

आणि इतर वाचकांसाठी एवढंच. पुढे कधी असा कागद समोर आला तर लगेच नाही म्हणू नका, न विचारता सहीही करू नका. त्या विणकरांसारखं म्हणा, ‘सुई कुठं जाते ते नीट समजवा.’ विचारण्याचा तो तुमचा हक्क आहे, आणि सांगणं हे आमचं काम.